पाठमोऱ्या माणसांची बाग

आमच्या बागेत सगळे एकाच दिशेनं चालतात. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, माहीत नाही. फाटकातून आत आलं की डावीकडं वळायचं आणि बाग उजव्या हाताला ठेवून फेरी मारायची, देवळात मारतात तशी. तशी पाटी कुठंही नाही. एखादा नवखा उजवीकडं वळला तर त्याला कुणी काही बोलत नाही, पण समोरून येणारी माणसं त्याच्याकडं अशा नजरेनं पाहतात की दुसऱ्या फेरीला तो आपोआप सुधारतो. या शिस्तीचा एक परिणाम असा की वर्षानुवर्षं रोज सकाळी दिसणाऱ्या माणसांना मी मुख्यतः पाठीवरून ओळखतो. हिवाळ्यात धुकं खाली उतरलेलं असतं तेव्हा तर पाठीही नीट दिसत नाहीत. नुसत्या शाली, कानटोप्या आणि स्वेटर पुढं पुढं सरकत असतात. कुणाचा चेहरा नाही, कुणाचा आवाज नाही, पायाखाली मुरूम तेवढा करकरतो. अशा वेळी मला वाटायचं, आपण सगळे झोपेतच चालतोय आणि घरी जाऊन चहा प्यायलो की जागे होणार.

माझी बायकोही त्यात असते. तिला काचबिंदू आहे. समोरचं थोडं दिसतं, नळकांड्यातून पाहावं तसं. दोन्ही बाजूंना काळोख. डॉक्टरांनी सांगितलंय की गेलेली नजर परत येणार नाही आणि आहे तीसुद्धा हळूहळू आक्रसत जाईल. रस्त्यावर ती एकटी जात नाही. आमच्या रस्त्यावर डोळे धड असलेला माणूसही एकट्यानं जाऊ नये. पण बागेत मात्र ती एकटी चालते. मी तिला फाटकापर्यंत सोडतो आणि माझ्या चालीनं माझ्या वाटेला लागतो. तिला सोबत चाललेलं आवडत नाही.

बाग तिला पाठ आहे. फाटकाजवळ बकुळ, तिथं पायाखाली फुलं मऊ लागतात. मग शिरीष. त्याच्या वाळक्या शेंगा वारा नसतानाही खुळखुळतात. मग कडुनिंब, त्याचं मूळ वाटेवर आडवं आलंय, तिथं पाऊल उचलायचं. मग कोरडा हौद, जिथं आवाज जरा घुमतो. शेवटी भिंतीपलीकडच्या बेकरीचा पावाचा वास, म्हणजे फेरी संपत आली. समोरून कुणी येत नाही, हे तर तिला सगळ्यांत सोयीचं. शहरात अशी दुसरी जागा नाही, हे ती एकदाच बोलली होती, तेही भाजी निवडताना, सहज.

मग एका सकाळी फाटकाशी मोठा फलक लागला. बागेचा कायापालट होणार होता. फलकावर संकल्पचित्र होतं: संगीतावर नाचणारं कारंजं, खाद्यपदार्थांचा चौक, गट्टू बसवलेली रुंद वाट, खाली वाहनतळ. चित्रातल्या हिरवळीवर गोरी, सडपातळ माणसं एका सोनेरी कुत्र्याला फिरवत होती. ती आपल्या शहरात कुठून आली असतील याचा मी बराच वेळ विचार केला. त्यांना सावली नव्हती. चित्रात एकही वाळकं पान नव्हतं. ज्या शहरात नळाला पाणी आलं की लोक कामावर दांडी मारतात, तिथं पाणी नाचणार होतं. आणि खाली बारीक अक्षरांत होतं की काम पूर्ण होईपर्यंत उद्यान नागरिकांसाठी बंद राहील.

बायकोला मी ते वाचून दाखवलं. शेवटची ओळ तिनं दुसऱ्यांदा वाचायला लावली. मग म्हणाली, चला, ऊन चढतंय.

आंदोलन उभं राहिलं ते एका निवृत्त एसटी कंट्रोलरमुळं. सारी हयात पैठण आणि सोयगावच्या गाड्या फलाटावर लावण्यात गेलेली, त्यामुळं माणसं कुठं उभी करायची आणि आवाज किती चढवायचा हे त्यांना चांगलं कळत होतं. पहिली बैठक शिरीषाखाली झाली. धरणं धरायचं तर खाली बसावं लागतं आणि बसलं तर उठवायला माणूस लागतो, असा बहुतेकांच्या गुडघ्यांचा अहवाल होता. उपोषण साखरेच्या आजारामुळं बाद झालं. मोर्चा काढायचा तर कुठल्या दिवशी, यावर खरी गाडी अडली. आमच्या शहरात प्रत्येक वसाहतीचा पाण्याचा दिवस वेगळा असतो, आणि त्या दिवशी घरचं माणूस टाकी सोडून क्रांतीलाही जाणार नाही. सगळ्या वसाहतींना मोकळा असा एकही वार निघाला नाही.

तेव्हा कंट्रोलर म्हणाले, ‘‘आपल्याला येतं काय? चालायला येतं ना? मग चालूनच दाखवू. उद्यापासून सगळ्यांनी उलटं फिरायचं. निषेध म्हणून.’’

आधी कुणाला कळेना. उलटं म्हणजे पाठ पुढं करून का, असं एकानं विचारलं. कंट्रोलरनी हवेत बोट फिरवून दाखवलं: बाग डाव्या हाताला ठेवून. आमच्या मंडळींसाठी हे रास्ता रोकोपेक्षा भारी होतं. मुंबईच्या लोकांना यात काय निषेध आहे हे कळलं नसतं, पण शिरीषाखाली कळत होतं. एका आजींनी तर उलटी प्रदक्षिणा नको, काहीतरी वाईट होईल, म्हणून कानांना हात लावले. त्यामुळं कल्पना लगेच मंजूर झाली.

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, लोक चालतात तर चालू देत, बागेची झाडं काही उलटी होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी नेमका आमच्या वसाहतीचा पाण्याचा दिवस होता. मी तिला फाटकाशी सोडलं आणि मोटार चालू करायला घरी पळालो. पुढचं मला तिनं आणि एका चाचांनी मिळून सांगितलं. हे चाचा शहागंजात घड्याळं दुरुस्त करायचे, आता दुकान मुलाकडं आहे, आणि ते आमच्यातले सगळ्यांत सावकाश चालणारे. बायको आंदोलनाला मान देऊन उजवीकडं वळली. बेकरीचा वास आधी आला. हौद नंतर. कडुनिंबाचं मूळ कुठल्या पावलाला येणार हे कळेना. दिशा बदलली की जमीनही बदलते, हे तिला तेव्हा समजलं. ती थांबली, फाटकाकडं परत यायचं म्हणून वळली, आणि समोरून घोषणा देत सगळी बाग तिच्या अंगावर आली. लोक बाजूनं गेले, कुणी धक्का दिला नाही. पण तिच्या दोन्ही बाजूंच्या काळोखातून आवाज येत राहिले आणि जात राहिले. ती हौदाच्या कठड्याला धरून उभी राहिली.

चाचा सगळ्यांत मागं होते. ते थांबले. ‘‘भाभी, आज सब उल्टे चलरे. तुमे कैकू सीधे खडे?’’

‘‘मला तेवढीच दिशा येते,’’ बायको म्हणाली.

चाचांनी थोडा विचार केला, आणि म्हणाले की घड्याळाचे काटे ज्या बाजूनं फिरतात त्या बाजूनं चालण्यात त्यांना तरी काही गुन्हा वाटत नाही. ते तिच्यासोबत फाटकापर्यंत आले. तिथून ती पुन्हा पहिल्यापासून निघाली, डावीकडं, आपल्या नेहमीच्या दिशेनं. एकटी. समोरून सगळं आंदोलन येत होतं, तिनं हात जरासा पुढं धरला होता, आणि माणसं दुभंगून तिला वाट देत होती.

नेमका त्याच वेळी वार्ताहर आला.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तिचा फोटो छान आला होता. अख्खी गर्दी एकीकडं आणि मोतिया रंगाच्या साडीतली एक ठाम बाई दुसरीकडं. वर मथळा होता की बागेच्या आंदोलनात फूट, ज्येष्ठ महिलेचा विकासाला पाठिंबा. मी तो तिला वाचून दाखवला. तिनं विचारलं, साडी कोणती दिसतेय? मग बराच वेळ हसत राहिली.

कंट्रोलर हसले नाहीत. ते घरी आले, चप्पल दाराशी सरळ रेषेत काढली आणि म्हणाले की वहिनींनी असं करायला नको होतं. मी तिच्या डोळ्यांचं सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका वाटेवर चालून आम्हाला एकमेकांबद्दल फारसं काही माहीत नव्हतं. पाठीवर काचबिंदू दिसत नाही. ते चहा पूर्ण प्यायले, आणि जाताना म्हणाले, ‘‘लई वंगाळ झालं, सर. मी कल्पना काढली आन् पहिला फटका घरच्याच माणसाला.’’

फोटोचा खरा परिणाम वेगळाच झाला. आमच्या भागातले नेते, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, ते बायकोचा सत्कार करायला आले. सोबत शाल, नारळ, फोटो काढणारा आणि फोटो काढणाऱ्याला उजेड दाखवणारा एक. भाऊ वयानं आमच्या मुलाएवढे. त्यांनी काकूंच्या दूरदृष्टीबद्दल दोन वाक्यं म्हटली. दूरदृष्टी हा शब्द ऐकून मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

बायकोनं शाल मांडीवर ठेवली. म्हणाली, ‘‘मी विकासासाठी नव्हते चालत. मला उलटं चालता येत नाही, म्हणून चालत होते.’’ मग तिनं सगळं सांगितलं, बकुळीपासून बेकरीपर्यंत. भाऊंनी फोटोवाल्याला हातानंच थांबवलं, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं.

‘‘मग काकू, तुम्हाला काय पाहिजे?’’

‘‘सगळी बाग एकदम बंद करू नका. बंद झाली की मी विसरेन. पुन्हा उघडेल तेव्हा नवीन वाट पाहून शिकायला डोळे नसतील.’’

भाऊ म्हणाले की काम तर होणार, त्याला आता कुणी थांबवू शकत नाही. पण अर्धी बाग आधी, अर्धी नंतर, असं करता येईल. झाडं तोडू देणार नाही. मग त्यांनीच अडचण काढली, की मधे पत्रे लागले तर फेरी कशी पूर्ण होणार?

‘‘महादेवाला अर्धीच असते,’’ बायको म्हणाली.

वेरूळ आमच्यापासून फार लांब नाही. महादेवाच्या देवळात पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. पिंडीवरचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडतं ती ओलांडायची नसते, तिथून परत फिरायचं असतं. भाऊंनी लगेच मान डोलावली. मला वाटतं त्यांना त्यात भाषणाचा एक परिच्छेदही दिसला असावा.

तडजोड शिरीषाखालीच जाहीर झाली. मांडव पडला, भाऊंचे हात जोडलेले फ्लेक्स बकुळीला बांधले गेले. जनभावनेचा आदर झाला. कंट्रोलरना बोलायला सांगितलं तेव्हा त्यांनी ठणकावलं की हा विजय नाही, अर्ध्याचं सगळं कधी होईल ते कळणारही नाही. आणि मग शाल घेतली, कारण गळ्यात टाकलेली शाल काढून कशी देणार. खाली उतरल्यावर बायकोजवळ येऊन म्हणाले, ‘‘वहिनी, लई स्वस्तात सोडलं तुम्ही.’’

‘‘व्हय,’’ ती त्यांच्याच सुरात म्हणाली. ‘‘पण सोडताना काहीतरी हातात राहिलं.’’

त्यांना हसू आवरलं नाही.

पत्रे कडुनिंबापाशी लागले. हौद आणि बेकरीची भिंत पलीकडं गेली. आता सगळे कडुनिंबापर्यंत जातात, पत्र्याला हात लावतात आणि मागं फिरतात. पत्र्याला हात कशासाठी, हेही कुणी ठरवलेलं नाही. पलीकडून यंत्राची घरघर येते आणि वारा त्या बाजूचा असला की पावाचा वासही येतो. कारंजं झाल्यावर ती अर्धी खरंच उघडतील का, की त्याआधीच इकडचीही पाळी येईल, यावर रोज दोन मतं असतात. मला कंट्रोलरचं मत पटतं. तरी मी सकाळी जातो.

परत फिरायचं म्हणजे उलटं चालायचं, हे बायकोला मान्य करताना माहीत होतं. माझ्या ते उशिरा लक्षात आलं. पहिले काही दिवस तिनं माझा दंड धरला. परतताना मूळ आता अगदी सुरुवातीला येतं, शेंगा डाव्या कानाला, आणि मऊ फुलं लागली की संपलं. ती मनात काहीतरी पुटपुटत चालायची. मी मधेच इथं दगड आहे, म्हणालो की रागवायची. एके दिवशी फाटकाशी तिनं हात सोडला. ‘‘तुम्ही बाकावर बसा,’’ म्हणाली.

मी शिरीषाखालच्या बाकावर बसलो. धुकं होतं. तिची पाठ त्यात मिसळून गेली, मग शालही. शेंगा खुळखुळत होत्या. पत्र्यावर कुणाचा तरी हात वाजला. आणि धुक्यातून माणसं माझ्याकडं तोंड करून येऊ लागली. चाचांच्या कपाळावर एक जुनी खूण आहे. कंट्रोलर चालताना ओठ हलवतात, अजून गाड्या लावत असावेत. त्यांच्या मागं बायको. हात पुढं नव्हता. चेहऱ्यावर थोडी धास्ती होती, आणि परीक्षेत येणारा प्रश्न आल्यावर मुलींच्या चेहऱ्यावर असतो तो आनंदही होता. ती रोज अशीच दिसत असेल, इतकी वर्षं, माझ्या मागं नाहीतर पुढं.

ती बाकापाशी आली तेव्हा मी तिच्या डाव्या बाजूला होतो, तिला न दिसणाऱ्या भागात. हाक मारली असती तर ती थांबली असती. मी पाय आत घेतले आणि तिला जाऊ दिलं, बकुळीच्या दिशेनं.