हनुवटीखालचा उजेड

“हा मास्तर मुलांना चुलीपुढं बसवून शिकवतो की काय?” असं म्हणत आमच्या साहेबांनी चित्रांचा गठ्ठा माझ्याकडे ढकलला.

मी एकेक कागद पाहत गेलो. सगळ्यांवर एकच प्लास्टरचं डोकं काढलेलं. रेघ चांगली होती, मापं बरोबर होती. पण उजेड पडला होता हनुवटीखाली, नाकपुड्यांत आणि भुवयांच्या खालच्या अंगाला. कपाळ काळं, डोक्याचा माथा तर अमावास्येसारखा. एखाद्यानं चुकून असं केलं असतं तर समजू शकलो असतो, पण इथं अख्ख्या वर्गानं केलं होतं.

“कुठला वर्ग?” मी विचारलं.

“सांगलीचा. कोणी नाटकांचे पडदे रंगवणारा चालवतो. ज्याला शेडिंगचं पहिलं अक्षर येत नाही त्याला रेकग्निशन कसं द्यायचं? रिफ्यूज लिहून टाका.”

मी तेव्हा सरकारी ड्रॉइंग इन्स्पेक्टर होतो. ही नोकरी काय असायची ते आता सांगावं लागतं. गावोगावचे चित्रकलेचे वर्ग हिंडायचे. खोली, उजेड, मास्तरांचं सर्टिफिकेट पाहायचं आणि वर्गाला सरकारी मान्यता, म्हणजे रेकग्निशन, द्यावं की नाही ते कळवायचं. रेकग्निशन नसलेल्या वर्गातून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचे फॉर्म घेत नसत. त्या परीक्षा नाहीत तर शाळेत ड्रॉइंग मास्तरची नोकरी नाही. म्हणजे आमच्या एका शब्दावर कुणाची तरी चूल अवलंबून असायची, आणि आम्ही तो शब्द पुण्यात पंख्याखाली बसून लिहायचो.

“सर, मी साताऱ्याला जातोच आहे. तसाच पुढं सांगलीला जाऊन येतो. पाहिल्याशिवाय नाही म्हणवत नाही.”

“जा, जा. तुम्हाला फिरायला निमित्तच हवं असतं,” साहेब म्हणाले. ते खरंही होतं.

साताऱ्याचा वर्ग म्हणजे नमुना. उत्तरेला मोठ्या खिडक्या, पुसलेली बाकं, मास्तर कोट-टोपीत. हार, नारळ, मुलींचं स्वागतगीत, मग चहा. मला या सोहळ्यांचा मनस्वी कंटाळा. चहा निवेपर्यंत मी मुलांची चित्रं चाळली. शेडिंग अगदी पुस्तकातल्यासारखं, डाव्या वरच्या बाजूनं उजेड. पण सगळ्या चित्रांत डावा कान बोटभर खाली उतरलेला. समोरच्या पुतळ्याचा कान तर जागच्या जागी होता. मग भिंतीकडे नजर गेली. तिथं मास्तरांनी स्वतः काढलेलं चित्र टाचणीनं लावलेलं होतं, आणि त्यात कान खाली होता. मुलं पुतळ्याकडे पाहतच नव्हती, मास्तरांची नक्कल करत होती. वर्गाला रेकग्निशन फार पूर्वीच मिळालेलं होतं. मी मास्तरांना बाजूला घेऊन ते चित्र उतरवायला सांगितलं. त्यांना राग आला. येऊ दे.

सांगलीला उतरलो तेव्हा माझ्या डोक्यात तोच कान होता. म्हटलं, इथंही मास्तर उलटं शेडिंग करत असणार आणि मुलं ते गिरवत असणार. मग साहेबांचं बरोबर, आणि आपल्याला पुणं गाठायला मोकळीक.

वर्ग भरायचा एका थिएटरात. एकेकाळी नाटकं व्हायची, आता रोज संध्याकाळी सिनेमा. सकाळ-दुपार रिकामं म्हणून मालकानं जागा दिलेली. दत्तोबा पेंटर दारातच उभे होते. पन्नाशीचे, धिप्पाड, मिशांना रंग लागलेला. तरुणपणी इंटरमिजिएट पास होऊन हा गृहस्थ जो नाटक कंपनीत शिरला तो कंपनी बुडाल्यावरच बाहेर पडला.

“या साहेब. हार आणलेला न्हाई. कोळसा आन् कागद आणला त्या पैशात.”

माणूस मला तिथंच आवडला. पण आवडला म्हणून रेकग्निशन देता येत नाही.

“दत्तोबा, तुमची चित्रं बघून आमचे साहेब खवळलेत,” मी सरळ सांगितलं. “शेडिंग सगळं उलटं आहे.”

“उलटं?” त्यांनी मिशीवरून हात फिरवला. “आवं साहेब, तीस वर्सं पडदं रंगवलं मी. राजवाडा रंगवला, जंगल रंगवलं. एका मायच्या लालानं मला उलटं म्हटलं न्हाई.”

“तुम्ही मुलांना चित्र काढून दाखवता?”

“मी कशाला काढून दाखवू? त्यांनी काय माजं तोंड काढायचंय? त्यो बसलाय न्हवं समोर गोरा, त्येच्याकडं बघून काढा म्हणतो.”

गोरा म्हणजे ते प्लास्टरचं डोकं. स्टेजच्या कडेला, स्टुलावर ठेवलेलं. मुलं खाली पिटात, म्हणजे स्टेजसमोरच्या मोकळ्या जागेत, फरशीवर बसलेली. मुलं म्हणायचं म्हणून; त्यातले काही चांगले मिशा फुटलेले. पुढच्या रांगेत बिरा नावाचा एक तरणा गडी होता. माण तालुक्यातल्या धनगराचा. सांगलीत हळदीच्या पेठेत पोत्यांवर व्यापाऱ्यांची नावं रंगवायचा आणि दुपारी इथं यायचा. दहिवडीकडच्या एका शाळेनं त्याला सांगून ठेवलं होतं, सर्टिफिकेट आण, ड्रॉइंग मास्तर म्हणून घेतो. शाळा फार दिवस थांबणार नव्हती.

“साहेब, गोरं लोक आता जाणार म्हणत्यात,” तो म्हणाला. “मग आमी काढायचं कुणाला?”

सगळे हसले. मीही हसलो. मग कोट काढला आणि त्याच्या शेजारी फरशीवर बसलो. कपडे मळतील म्हणून दत्तोबा पोतं आणायला धावले, पण तोवर मी वर पाहिलं होतं.

गोऱ्याच्या हनुवटीखाली लख्ख उजेड होता. नाकपुड्या उजळलेल्या. कपाळावर काळोख. जसं चित्रात, तसंच समोर.

मी उठून सगळीकडे फिरलो. सिनेमा सुरू झाल्यापासून मालकानं वरच्या खिडक्या पत्रे ठोकून बंद केल्या होत्या. उघडी होती ती फक्त पिटाची बाजूची दारं. त्यातून ऊन आत येऊन चुन्यानं सारवलेल्या फरशीवर पडायचं आणि तिथून उलटून वर, पुतळ्याच्या तोंडावर जायचं. मुलांनी दिसलं तसं काढलं होतं. आणि आम्ही पुण्यात बसून त्यांना नापास करायला निघालो होतो.

“दत्तोबा, इतके दिवस हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही? माणसाच्या तोंडावर उजेड वरून पडतो की खालून?”

ते हळूच स्टेजच्या कडेला गेले आणि तिथल्या लाकडी खाचेवर पाय ठेवला. नाटकाच्या काळात त्या खाचेत दिव्यांची रांग असायची, फुटलाइट म्हणत. नटांच्या तोंडावर उजेड तिथून, पायाकडून यायचा.

“साहेब,” ते म्हणाले, “माज्या जल्मात मी राजा बघितला त्यो असाच. खालनं उजेड. वरनं उजेड पडलेलं माणूस मला आजारी वाटतंय.”

मला राग आला होता तो गेला. खरं सांगायचं तर त्या माणसाचं कौतुकच वाटलं. पण नियम स्पष्ट होता. वर्गाला उत्तरेचा, वरून येणारा उजेड हवा. उत्तरेचा अशासाठी, की तो दिवसभर फारसा बदलत नाही, सावल्या सरकत नाहीत. शिवाय साहेबांची शंका उरतच होती. ही मुलं खरंच पाहून काढतात, की आता त्यांना खालच्या उजेडाची सवय लागली आहे? हात सवयीनं चालतो की डोळ्यानं, हे कळल्याशिवाय मी काय लिहिणार?

“मला हीच मुलं, हाच पुतळा, दुसऱ्या उजेडात बघायचीत,” मी म्हणालो. “जागा शोधा.”

मग आम्ही दोघं गावभर हिंडलो. शाळेच्या हॉलात रेशनची पोती रचलेली. गणपतीच्या कारखान्यात मूर्तिकारानं मुद्दाम अंधार केलेला, ऊन लागलं की ओली माती तडकते म्हणून. एका गायनाच्या क्लासात खोली उत्तम होती, पण बुवांनी कोळशाचं नाव काढताच तंबोऱ्यांवर पांघरूण घातलं. शेवटी पेठेतल्या मराठे फोटोग्राफरांकडे गेलो. त्यांच्या माडीवर जुनी काचेची खोली होती, छपराचा उत्तरेकडचा उतार सगळा काचेचा. पूर्वी फोटो दिवसाच्या उजेडातच निघत, त्यासाठी बांधलेली. विजेचे दिवे आल्यापासून तिथं फुटक्या फ्रेमा आणि खोकी पडली होती.

“एक सकाळ देतो. सरकारी काम म्हणून,” मराठे कपाळाला आठ्या घालून म्हणाले. “पण कोळशाची पूड खाली माझ्या निगेटिव्हवर आली तर तुमचा वर्ग आणि तुम्ही, दोघांनाही जिन्यावरून खाली घालवीन.”

दुसऱ्या दिवशी बिरानं गोऱ्याला घोंगड्यात गुंडाळून, खांद्यावर घालून आणला. दत्तोबांना मी खाली थांबायला सांगितलं.

“मी तोंड उघडत न्हाई, साहेब.”

“तुम्ही नुसते उभे राहिलात तरी मुलं तुमच्याकडे बघतील. खाली बसा.”

ते खाली जाऊन मराठ्यांच्या बाकावर बसले, फोटोला आलेल्या नवरदेवासारखे ताठ.

मुलांना एवढंच सांगितलं, समोर आहे ते काढा. बाकी कुणी काही बोलायचं नाही, मीसुद्धा. रेघा झाल्या. मग शेडिंग सुरू झालं आणि बिरानं सरळ कोळशाची कांडी कपाळावर घासली. काळं कपाळ! नवं चित्र, जुनी सवय. “अरे गाढवा, वर बघ,” हे शब्द जिभेवर आले होते. मी ओठ दाबून धरले. या पोराची नोकरी माझ्या डोळ्यांदेखत त्या कपाळावर पुसली जात होती.

तेवढ्यात काचेखाली पडदा सरकल्याचा आवाज झाला. मराठे. ते केव्हा वर आले कुणाला कळलं नाही. छपराखाली जुने निळे पडदे होते, दोरीनं ओढायचे. ते एक ओढत होते, दुसरा सोडत होते, मान तिरकी करून पुतळ्याकडे बघत होते. उजेड एका बाजूनं, जरा उंचावरून येऊ लागला आणि गोऱ्याचं नाक उठून दिसलं. मी डोळे वटारले. त्यांनी मला हातानंच गप्प राहायला सांगितलं.

बिरा थांबला. पुतळ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. मग उठून पुतळ्यापाशी गेला आणि आपला पंजा त्याच्या कपाळासमोर धरला, नंतर हनुवटीखाली. हात फिरवत कुठं काळं होतं ते बघत राहिला. जागेवर येऊन बसला, पावाचा गर चुरून गोळी केली आणि काळं कपाळ पुसायला लागला. कोळशाचं चित्र पावानं पुसतात. रबरानं कागद मळतो. त्यानं सगळं कपाळ पुसून काढलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

वेळ संपल्यावर मी चित्रं गोळा केली. एकाच मुलाचं उलटं झालं होतं. बाकी सगळ्यांनी नवा उजेड पकडला होता. आणि कान प्रत्येकाचा वेगवेगळा चुकला होता, म्हणजे कुणी कुणाची नक्कल केली नव्हती; ते बघून मला विशेष आनंद झाला.

“मधेच काय झालं रे तुला?” मी बिराला विचारलं.

“काल ह्येच्या डोळ्याच्या खाचंत उजेड हुता, आज अंधार. मला वाटलं माजीच नजर फिरली. मग म्हटलं, हात घालून बघावं, अंधार खराच हाय का.”

जिना चढून दत्तोबा धापा टाकत आले. चित्रं बघितली. त्यांचे डोळे भरून आले, आणि तोंडानं म्हणाले, “सगळी आजारी दिसत्यात. पण बराबर हाईत.”

मी मराठ्यांकडे वळलो. आता खोली रोजची मागायची होती. त्याआधी तेच म्हणाले, “सकाळी वर्ग घ्या. दुपारी उजेड सपाट होतो, मग काही उपयोग नाही. पडद्यांना मात्र कुणी हात लावायचा नाही. ते मी ओढीन.”

“आणि कोळशाची पूड?”

“जिन्याला दार बसवून घेतो,” ते म्हणाले. कितीतरी दिवसांत त्या माणसाला उजेडाबद्दल कुणी काही विचारलं नसावं.

पुण्यात साहेबांच्या टेबलावर मी थिएटरातली आणि काचेच्या खोलीतली चित्रं शेजारी शेजारी मांडली.

“हीच मुलं?”

“हीच मुलं, हाच मास्तर, हाच पुतळा.”

“मग चूक कुणाची होती?”

“खिडक्यांची, सर. मुलांनी दिसलं तेच काढलं. साताऱ्याला खिडक्या चांगल्या आहेत, पण तिथं बघत कुणी नाही.”

साहेबांनी चष्मा पुसून चित्रं पुन्हा पाहिली. मग वर्षभरासाठी तात्पुरतं रेकग्निशन लिहिलं. पुढं ते कायमचं झालं.

बिरा एलिमेंटरी पास झाला, मग इंटरमिजिएट. शाळेनं जागा धरून ठेवली होती, हे त्याचं नशीब. नोकरीचा हुकूम घेऊन तो मला सांगायला पुण्याला आला. अंगात नवा सदरा, पण खुर्चीवर बसेना.

“घरी काय म्हणाले?” मी विचारलं.

“आईला सांगितलं, मास्तर झालो. ती म्हणाली, काय शिकवणार? मी म्हटलं, बघायला शिकवणार. तर म्हणती, बघायचं शिकवायला बी पगार देत्यात व्हय?”

तो हसला. “आईला सांग, मलाही पगार त्याचाच मिळतो,” मी म्हणालो. त्यानंतर रिटायर होईपर्यंत कुठल्याही वर्गात गेलो की मी आधी मुलांच्या रांगेत जाऊन बसायचो आणि मग मास्तरांशी बोलायचो. गुडघे कायमचे दुखावले, पण रिपोर्ट फारसे चुकले नाहीत.