मगरीचं तोंड कुणीकडे

रायपूरजवळच्या पोलादनगरीत, रिसालीतल्या ज्या शाळेत मी पहिलीला गणित शिकवत होते, ती एका ठेकेदाराच्या घराच्या तळमजल्यावर भरायची. वर ते सहकुटुंब राहत आणि खाली शाळा चालवत. सगळे त्यांना डायरेक्टर सर म्हणत. माणूस मूळचा आमच्याच भंडाऱ्याकडचा, पण शाळेच्या गेटाच्या आत मराठी बोलणं त्यांना कमीपणाचं वाटे. शिकवण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. फोनवर आलेले शिक्षणाचे व्हिडिओ मात्र ते शेवटपर्यंत बघत, आणि तेवढ्यावर त्यांचं भागत असे.

एकदा शाळा सुरू व्हायच्या आधी त्यांनी रायपूरहून एक ट्रेनर बोलावला. कोवळा पोरगा, जूनच्या उकाड्यात कोट घालून आला होता. त्यानं आम्हा बायांना मुलांच्या बुटक्या बाकांवर बसवलं आणि हिरव्या कागदाच्या मगरी कापायला लावल्या. मग दोन्ही हातांचा जबडा करून उघडायचा आणि मिटायचा. दोन संख्यांमधली जी मोठी, तिच्याकडे मगर तोंड उघडते, कारण मगरीला भूक लागलेली असते. एवढं सांगायला त्यानं अख्खी सकाळ घेतली. माझ्या शेजारच्या बाई नातवंडं असलेल्या. त्याही जबडा उघडून 'गट्टम' म्हणत होत्या. मला त्यांची कीव आली नाही. त्या मन लावून करत होत्या, त्याचाच राग आला.

मी त्याला विचारलं, की मूल चिन्ह काढेल, पण वाचेल कसं? चार, मग ते चिन्ह, मग नऊ, हे तोंडानं काय म्हणायचं? तो गोड हसला आणि म्हणाला, "मॅडम, पहले मज़ा, फिर मैथ्स." डायरेक्टर सरांनी मान डोलावली. पुढच्या आठवड्यात ते वाक्य गेटाशेजारच्या भिंतीवर रंगवून झालं होतं.

वर्गात मगर आली, तसं मुलांना खूप आवडलं. मी फळ्यावर चार आणि नऊ लिहून मध्ये चिन्ह काढलं आणि वाचायला सांगितलं. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "मगर नौ को खाएगी." इंग्रजी माध्यमाची शाळा, 'फोर इज लेस दॅन नाईन' एकाच्याही तोंडातून निघेना. जेवण तेवढं पाठ झालं होतं.

त्या वर्गात रुआबांध्याहून येणारी एक मुलगी होती. वडील पोलादाच्या प्लँटमध्ये शिफ्टला जायचे, घरी मराठी बोलायचे. म्हणून आजूबाजूला कुणी नसलं, की ती माझ्याशी हळूच मराठीत बोले. ती चिन्ह उलटं काढायची. कधीतरी नाही, दर वेळी. गोंधळलेलं मूल कधी चुकतं, कधी बरोबर येतं. ही एकदाही बरोबर येत नव्हती, म्हणजे तिनं काहीतरी ठरवलेलं होतं. डब्याच्या सुट्टीत मी तिला जवळ बसवून विचारलं.

"मगर मोठ्याले कावून खाईन मॅडम?" ती म्हणाली. "मोठा तं तिले मारन. मामाच्या घरी मांजर कोंबडीचं पिल्लूच नेते, कोंबड्याच्या वाटेला जात नाही."

तिचं म्हणणं तिळभरही चूक नव्हतं. कोट घातलेल्या पोरानं सकाळभर शिकवलेलं या सहा वर्षांच्या पोरीनं एका मांजरावर निकालात काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी घरून कॅरमच्या सोंगट्या आणि खराट्याच्या दोन काड्या नेल्या. बाकावर एक काडी ठेवली. तिच्या दोन्ही टोकांना सोंगट्यांच्या सारख्याच चळती रचल्या आणि त्यांवर दुसरी काडी आडवी टाकली. दोन्ही काड्या समांतर, म्हणजे बरोबरचं चिन्ह. मग एका चळतीतल्या सोंगट्या मी काढत गेले. त्या बाजूला वरची काडी खाली आली. ती मुलगी बाकावर वाकली. मग उंच बाजूला बोट लावून म्हणाली, "इकडे जास्त आहे म्हणून इकडे जागा जास्त." तिथून पुढे मी वर्गाचं दार लोटून घ्यायचे आणि सोंगट्यांवरच शिकवायचे. डावीकडून वाचायचं, आधी जी संख्या दिसेल तिच्याबद्दल बोलायचं. आठवड्याभरात वर्ग वाचायला लागला.

मग पालकांना वर्ग दाखवायचा दिवस आला. डायरेक्टर सरांनी ठरवलं, की पहिलीचा पाठ आपणच घ्यायचा. शिंप्याकडून त्यांनी मगरीच्या हिरव्या बाह्या शिवून आणल्या होत्या. फळ्यावर मी त्यांच्या सांगण्यावरून बारा आणि एकवीस लिहिले. सराव त्यांनी फळ्याकडे तोंड करून केला होता. कार्यक्रमात ते पालकांकडे तोंड करून उभे राहिले, तसा उजवा हात डावीकडे गेला हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. जबडा उघडला तो बाराकडे. मग वळून त्यांनी तसंच, बाराकडे उघडणारं चिन्ह फळ्यावर काढलं आणि विचारलं, "सही?" मुलं ओरडली, "सही!" पालकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांत प्लँटचे अधिकारी होते, पदव्या घेतलेल्या बाया होत्या. एकाचीही भुवई हलली नाही.

ती मुलगी पहिल्या रांगेत होती. ती मागे वळली आणि मला शोधून म्हणाली, "मॅडम, सरनं उलटं काढलं."

पुढच्या दोन रांगांना ते ऐकू गेलं. डायरेक्टर सर मोठ्यानं हसले आणि म्हणाले, की बेटा, आज मगर का पेट छोटे में ही भर गया. लोकांना हे फारच आवडलं. मी उठले, फळ्यावरचं चिन्ह तळहातानं पुसलं, बरोबर काढलं आणि मुलीला वाचायला सांगितलं. तिनं नीट वाचलं. तेव्हा मात्र कुणी टाळी वाजवली नाही.

सगळे गेल्यावर त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. रागाच्या भरात त्यांची हिंदी गळून पडली. "लोकाइच्या समोर हे करायची काय गरज होती तुमाले? लेकराइले मजा येऊन राहिली होती."

मी म्हटलं, "बारा एकवीसपेक्षा मोठे नाहीत, सर."

"ते मले नका शिकवू."

त्यांना शिकवणं माझ्या काय, कुणाच्याच आवाक्यातलं नव्हतं. पुढच्या वर्षी पहिली माझ्याकडून काढून घेतली आणि मला तिसरीचं सामान्य ज्ञान दिलं. कारण सांगितलं, की मॅडमचा स्वभाव खेळकर नाही. दिवाळीपर्यंत मी कशीबशी राहिले आणि मग नोकरी सोडली. निरोपाच्या भाषणात त्यांनी मला शाळेचा कणा म्हटलं.

पुढे एकदा सेक्टर सहाच्या बाजारात त्या मुलीची आई भेटली. मी घरी शिकवीन का, असं तिनं संकोचत विचारलं. मी हो म्हटलं. आता संध्याकाळी ती मुलगी आमच्या क्वार्टरमध्ये येते, चप्पल दाराशी काढते आणि येताक्षणी वादाला सुरुवात करते. सध्या शून्याला संख्या कावून म्हणायचं, यावर आमचं भांडण चालू आहे, आणि अजून तरी तिला माझं पटलेलं नाही.