फोटोतल्या माणसाची कोण?

लोणच्याच्या बरणीवर तारीख लिहायला मार्करचं टोपण काढलं, की त्या उग्र वासासरशी मी थेट नाशिकरोडच्या क्लासात, पत्र्याखालच्या तिसऱ्या बाकावर जाऊन बसते. बँकेच्या परीक्षेसाठी सटाण्याहून आलेली मी, डोक्यावर घरघरणारा पंखा आणि पांढऱ्या फळ्याशी आमचे रिझनिंगचे सर. त्यांचा एकच हट्ट, आधी प्रश्नाचा प्रकार ओरडून सांगायचा, मगच पेन उचलायचं. त्या दुपारी त्यांनी वाचलं, ‘फोटोतल्या माणसाकडे बोट दाखवून एक बाई म्हणते, याची आई माझ्या वडिलांची बहीण. तर ती बाई त्याची कोण?’ ‘नातेसंबंध!’ वर्ग गरजला. ‘उत्तर?’ सगळ्यांच्या आधी मी ओरडले, ‘बायको!’ हशा पिकला. ‘अगं, मामेबहीण,’ सर म्हणाले. माझे कान तापले, पण आता माघार कशी घेणार? ‘सर, आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं. माझंच ठरलंय, आत्याच्या मुलाशी.’ ही बातमी मी शेजारच्या मैत्रिणीलाही सांगितली नव्हती. बाकं दणाणली. सरांनी डोकं खाजवलं, फळ्यावरचं ‘नातेसंबंध’ पुसलं, तिथे मोठ्या अक्षरांत ‘माहिती अपुरी’ लिहिलं आणि विचारलं, ‘पेढे कधी?’ आत्याच्या मुलाला हा किस्सा तोंडपाठ आहे. परवा कैरीच्या बरणीवर तारीख टाकता टाकता मी त्याला विचारलं, ‘काय रे, मी तुझी कोण?’ पेपरातून डोकं वर न काढता तो म्हणाला, ‘इतकी वर्षं झाली, माहिती अजून अपुरीच आहे.’