आबांच्या बोटातलं रक्त

संशय आमच्या रक्तातच आहे. आबा, म्हणजे माझे वडील, पेरणीसाठी सरकी घेताना पोत्याच्या तोंडची वानगी कधी बघत नसत. कोपरापर्यंत हात खुपसून तळातली मूठ काढत. मीही त्यांचीच मुलगी.

जळगावच्या कॉलेजातून मी बी.एस्सी. झाले आणि त्याच वर्षी हिवाळ्यात मुंबईच्या एका संशोधन संस्थेचं पत्र आलं. विषय बायोफिजिक्स. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंकडे चालत कशा जातात, ते शोधायचं. राहायला वसतिगृह, वर दरमहा पैसे. फक्त महिनाअखेरीच्या आत पालकाची सही हवी होती.

"शिकानं ते शिकानं, वर पैसा बी त्याच देतीन? काबरं?" आबांनी कागद उलटून कोरी बाजूसुद्धा तपासली. तापीकाठच्या आमच्या गावात तोवर बातमी पसरली होती, की मुंबईत पोरींचं रक्त काढून घेतात. सही लांबत चालली. त्यातच दोंडाईच्याचे पाहुणे मला बघायला दोनदा येऊन गेले. आबा मुद्दाम तारीख घालवताहेत, असं मी धरूनच चालले होते. मी जेवणं टाकली, भांडी आपटली. शेवटी ते म्हणाले, "वानगी दाखाड. मंग पाहू."

ऐन थंडीत, सकाळच्या गाडीने, आम्ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलो. आमच्या सरांनी काचपट्टी तयार ठेवली होती. आबांनी ती बाजूला सारली.

"हाई रगत कोनं शे? मनं ल्या."

सरांनी त्यांच्या बोटाला सुई टोचली, थेंब काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली. आबांनी एक डोळा मिटून दुसरा सूक्ष्मदर्शकाला लावला. लाल पेशींच्या गर्दीत एक मोठी, फिकट पेशी सापडली होती. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"हाई ते जागावरच बठेल शे."

सरांनी पाहिलं, मी पाहिलं. पेशी गोल, गप्प. पेशी चालतात हे मी पुस्तकात वाचलं होतं, पाठ केलं होतं. प्रत्यक्ष कधी पाहिलंच नव्हतं. सरांनी तरी पाहिलं होतं का? त्या क्षणी मला सगळ्यांचाच संशय आला.

आबा उठले. टोपी घातली. मग काचेला बोट लावून थांबले. "गार पडेल शे. थंडीमा केळ बी नवं पान टाकत नही."

सर एकदम हलले. तांब्याची पट्टी आणून त्यांनी ती काचेखाली सरकवली आणि तिच्या बाहेरच्या टोकाला स्पिरिटचा दिवा लावला. आबांनी पुन्हा डोळा लावला आणि थोड्या वेळाने टेबलाची कड घट्ट धरली.

"चालनी! इले कोन बलाई राह्यनं?"

"पेशीला कोण बोलावतं, वाट कशी कळते, ते अजून कुणालाच नीट माहीत नाही," सर म्हणाले.

आबांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग माझ्याकडे वळले. "ह्या मास्तर फसाडत नही. कागद दे."

सही करताना टोचलेल्या बोटाचा डाग कागदावर पडला. मी तो पुसला नाही.

पुढे दर सुट्टीत आबा विचारत, "समजनं का, कोन बलावस?" मी "अजून नाही" म्हणत असे आणि ते समाधानाने मान हलवत. मला तेव्हा त्याचा राग यायचा.

प्रबंध पुरा झाला, तेव्हा जाड बांधीव प्रत घेऊन मी गावी गेले. आबांनी विचारायच्या आतच मी म्हणाले, "समजलं, आबा."

त्यांनी प्रत उघडली नाही. सदऱ्याची बाही वर सारली आणि बोट माझ्यापुढे धरलं.

"दाखाड मंग."