नाही म्हणण्याचा दर

दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्या घराचा एका रात्रीचा दर मी स्वतः ठरवत असे. तो ठरवायला मला एक कप चहा पिण्याइतका वेळ लागला होता आणि तो पुढे कितीतरी दिवस टिकला. मंगळवार असो की शनिवार, धुकं असो की ऊन, दर तोच. भाजे गावात, लेण्यांच्या डोंगराखाली, भातखाचरांना लागून तीन खोल्या आणि एक दिवाणखाना; मागच्या बाजूला वेगळ्या दाराची माझी एक खोली. पुण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी संपवून मिळालेल्या फंडातून हे घर उभं राहिलं. फंड संपल्यावर घरानं मला पोसायला घेतलं. शहरातली माणसं दोन दिवस राहायला येत, डोंगर बघत, नेटवर्क मिळत नाही म्हणून कुरकुरत आणि जाताना वहीत ‘शांतता फार आवडली’ असं लिहून जात.

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तो चांगला मुलगा आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तो तसा वाटणार नाही.

“आत्या, शनिवारी आणि मंगळवारी एकच भाव? अगं, मंडईतली भाजीवालीसुद्धा असं करत नाही.”

“भाजी संध्याकाळी सुकते. माझ्या खोल्या सुकत नाहीत.”

“सुकतात. रिकामी गेलेली रात्र दुसऱ्या दिवशी विकता येत नाही.”

वाक्य चांगलं होतं. चांगल्या वाक्यापुढे हरायची मला जुनी सवय आहे. त्यानं माझ्या फोनवर दर ठरवणारं एक सॉफ्टवेअर बसवून दिलं. ते रोज रात्री आसपासच्या घरांचे दर बघतं, सुट्ट्या बघतं, पावसाचा अंदाज बघतं, किती लोक या बाजूला खोल्या शोधतायत ते बघतं आणि उजाडायच्या आत माझ्या घराला नवी किंमत देऊन मोकळं होतं.

तेव्हापासून रोज सकाळी मी आपल्याच घराची लायकी तपासू लागले. सोमवारी ते बसस्टँडजवळच्या लॉजच्या पंगतीत बसलेलं असे, शनिवारी एकदम संस्थानिक झालेलं असे. मधल्या काळात घरात काहीही बदललेलं नसे. न्हाणीघरातला नळ दोन्ही दिवशी सारखाच गळत असे. ग्रंथालयात एखाद्या कादंबरीसाठी तीस-चाळीस मुलं नंबर लावून थांबलेली मी पाहिली आहेत. म्हणून आम्ही त्या कादंबरीची वर्गणी वाढवली नाही. ‘थांबा’ म्हणालो, आणि मुलं थांबली. हे मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, “म्हणूनच ग्रंथालयं बंद पडतायत.” पोरगं हजरजबाबी आहे. आमच्याच घरातलं आहे.

गावात माझ्यासारखी बरीच घरं आहेत आणि आता जवळजवळ प्रत्येकाकडे असलं काहीतरी सॉफ्टवेअर आहे. वरच्या अंगाला एका निवृत्त बड्या अधिकाऱ्याचा बंगला आहे. फाटकावर सिमेंटचे दोन सिंह बसवलेत आणि बंगल्याला ते ‘इस्टेट’ म्हणतात. सकाळी फिरायला निघाले की माझ्या दाराशी थांबून विचारतात, “काय, आज आपण कितीवर उघडलो?” मी दरवाजाकडे बघून म्हणते, “सातला.” त्यांना ते विनोदी वाटत नाही. मला वाटतं.

आता वाटेबद्दल सांगायला हवं. माझ्या घरापर्यंत येणारी वाट बैलगाडीच्या मापाची आहे. एक मोटार आली की समोरून कुत्र्यालाही अंग चोरून जावं लागतं. घर संपलं की ती वाट खाली वहिनींच्या खाचरात उतरते. वहिनी म्हणजे माझी शेजारीण. पाहुण्यांचा स्वयंपाक तीच करते आणि पिठल्याचे पैसे चिकनइतकेच लावते, कारण “ढवळायला हात तेवढाच लागतो.” जुलैत भाताची लावणी सुरू झाली की ती स्वयंपाकाला येत नाही. पाच घरांची सावड असते: आज सगळ्यांनी एकीच्या खाचरात, उद्या दुसरीच्या. मजुरी कोणी कोणाला देत नाही. दिवसाची फेड दिवसानं होते. लावणीआधी खाचरात चिखल करायला, म्हणजे चिखलणीसाठी, पाच घरांत मिळून भाड्याचा एक पॉवर टिलर येतो आणि तो वहिनींकडे माझ्या दारावरूनच उतरतो. म्हणून त्या दिवसांत मी घर बंद ठेवत आले. पावसाळी पर्यटनाचे नेमके तेच दिवस असतात, हे मला माहीत होतं. भातालाही माहीत असावं.

गेल्या वर्षी भाच्याला मी म्हटलं, “पुढचा आठवडा बंद कर.”

“बंद नको, आत्या. बंद दिवस दिसले की बुकिंगच्या साइटवर घर यादीत खाली जातं. त्यापेक्षा असा दर टाकू की कोणी घेणारच नाही.”

“म्हणजे नाही म्हणायचं, पण हसून.”

“करेक्ट.”

त्यानं दर टाकला, साठ हजार. एका रात्रीचे. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि गळका नळ धरून. मी पोटभर हसले आणि विसरून गेले.

दोन दिवसांनी इस्टेटवाले साहेब मळवली स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर भेटले. चेहरा लग्नघरासारखा उजळलेला.

“पाहिलंत का? आपला भाग पेटलाय! माझा दर चाळीसच्या पुढे गेला. रात्रीतून!”

“कशामुळे?”

“डिमांड! लोकांना आता भाज्याचं महत्त्व कळायला लागलंय. मी पहिल्यापासून म्हणत होतो.”

घरी येऊन मी भाच्याला फोन लावला. त्यानं आपल्या स्क्रीनवर गावातले दर बघितले आणि हसत सुटला. सगळ्यांची सॉफ्टवेअरं शेजारच्या घरांचे दर बघतात. मी कोणाची तरी शेजारीण आहेच. एकानं माझे साठ हजार पाहून आपला दर वाढवला, दुसऱ्यानं त्याचा पाहून, तिसऱ्यानं त्या दोघांचा. कोणी येऊ नये म्हणून मी दारात काटेरी झुडूप लावलं होतं, आणि अख्ख्या गावानं ते तोरण समजून आपापल्या दाराला बांधलं होतं.

मला गंमत वाटली ती गुरुवारपर्यंत. आजूबाजूचे दर वर चढल्यावर माझे साठ हजार काही वेडगळ दिसेनात. गुरुवारी फोन किणकिणला: अभिनंदन, शनिवारसाठी आपलं घर आरक्षित झालं आहे. मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसातली बारा माणसं, चार गाड्या.

लावणी अजून सुरू व्हायची होती, म्हणून वहिनी माझ्या ओट्याशी कांदा चिरत होती. मी तिला सांगितलं.

“साठ हजार? एका राती?”

“हो.”

“हितं झोपायला?”

“हो, वहिनी.”

“झोप लय महाग झाली म्हणायची ममईत.” मग तिचा हात थांबला. “गाड्या किती?”

“चार.”

“शनवारी टिलर माझ्याकडं हाये, बाई. वाट अडली तर त्यो उतरायचा कुटनं? माझ्या डोस्क्यावरनं?”

“सोमवारी नाही का जमणार?”

“सोमवारी त्यो बेडशाला चाललाय. तितनं कवा परत येतोय ते त्यालाबी ठावं न्हाई. माझी रोपं आदीच उंच झाल्यात, आनखी थांबलं की पेरं धरत्यात, मग फुटवा येत न्हाई, भात कमी उतरतं. आनि चार घरांनी माझ्यासाटनं शनवार ठेवलाय. त्यो चुकला की मी समद्यांच्या मागं.”

“मग मी नाही म्हणून कळवते. शेजारणीची लावणी आहे म्हणून.”

तिनं सुरी खाली ठेवली. “माझ्या नावावर न्हाई म्हनू नका. उद्या गाव बोलंल, हिच्यापायी बाईचं साठ हजार गेलं. म्हनायचं तर तुमच्या नावावर म्हना.”

हे मला झोंबलं, कारण ते रास्त होतं. मी भाच्याला फोन केला. तो घाबरलाच. यजमानानं आरक्षण मोडलं की दंड होतो, घर यादीत तळाला जातं आणि ‘उत्तम यजमान’ हा बिल्ला काढून घेतात.

“टिलरवाल्याला दुप्पट दे ना, सोमवारी येईल तो.”

“म्हणजे बेडशातल्या कुणाचा तरी दिवस मी विकत घ्यायचा?”

“आत्या, असा विचार केला तर धंदाच करता येणार नाही.”

“मग जेवढा करता येईल तेवढाच करू.”

तरी एक प्रयत्न केला. आरक्षण करणाऱ्या मुलीला फोन लावला. आवाज तरुण, चटपटीत. म्हटलं, गाड्या मळवली स्टेशनजवळ लावून चालत याल का, लांब नाही.

“आंटी, साठ हजार देऊन चालत?”

तिचं काही चुकत नव्हतं. साठ हजार मागणारीनं पाहुण्यांना चिखलातून चालायला सांगू नये. मी खरं ते सांगून टाकलं. “बाळ, तो दर मी कोणी येऊ नये म्हणून लावला होता.”

“मग सरळ बंद ठेवायचं ना!”

“तेच करतेय. उशिरा.”

ती रागावली, आणि तिला तो हक्क होता. तुमचे पैसे पूर्ण परत येतील, असं सांगून मी फोन ठेवला आणि आरक्षण मोडायला बसले. यंत्रानं कारण विचारलं: आजारपण, दुरुस्ती, नैसर्गिक आपत्ती, पाहुण्यांचं वर्तन. भात कुठेच नव्हतं. ‘इतर’ निवडून मी लिहिलं, ‘या वाटेनं टिलर जाणार आहे आणि मला तो जायला हवा आहे.’ माझ्या नावावर. खात्री आहे का, असं यंत्र पुन्हा पुन्हा विचारत राहिलं. नोकरी पकडतानाही मला इतकी खात्री नव्हती.

शनिवारी टिलर आला. माझ्या कुंपणाची एक फळी घेऊन खाली उतरला, पण उतरला. पाच घरच्या बायका डोक्यावरून प्लॅस्टिकचे कागद घेऊन ओळीनं वाकल्या. मला लावणी येत नाही आणि येते असं दाखवायचं माझं वय नाही, म्हणून मी चहा करायचं काम घेतलं. पहिला घोट घेऊन वहिनीची जाऊ म्हणाली, “बाई, ह्यात पत्ती टाकली, का नुसती दाखवली?”

दुपारी इस्टेटवाले साहेब आपल्या पाहुण्यांना छत्र्यांसकट घेऊन आले. बांधावर उभे राहून हात पसरून म्हणाले, “ही आपली कृषी संस्कृती!” संस्कृती त्या वेळी कमरेत वाकलेली होती, तिनं वर पाहिलं नाही. एका पाहुण्यानं विचारलं, “आम्ही पण लावू का थोडं? व्हिडिओ करायचाय.”

“लावा की,” वहिनी म्हणाली. “पन सावड हाये ही. तुमी माझ्याकडं एक दिस केला, तर मला तुमच्या हापिसात येऊन एक दिस फेडावा लागंल.”

“जा की गं,” जाऊ म्हणाली, “एशी हाये तितं.”

सगळं खाचर हसलं. साहेब माझ्या कानाशी आले. “बाई, याला दर लावता येईल. शहरात याला एक्सपिरियन्स म्हणतात.”

“नको. तुमच्या यंत्राला कळलं तर उद्या कार्ल्यापर्यंत चिखल महाग होईल.”

त्यांनी चेहरा गंभीर केला. कालपासून दर घसरतायत, म्हणाले. मार्केटमध्ये काहीतरी झालंय. मी त्यांना सांगितलं की मार्केटमध्ये मी झाले होते. आरक्षण मोडल्यावर माझा दर यादीतून गेला, तशी त्यांची डिमांडही गेली. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. “एवढं मोठं सॉफ्टवेअर तुमच्या घराकडे बघून चालेल?” सिंहांच्या मालकाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी किटली उचलली.

संध्याकाळी शेवटची ओळ लागत असताना भाच्याचा फोन आला.

“आत्या, बिल्ला गेला.”

“भिंतीवर नव्हताच, त्यामुळे जागा रिकामी दिसत नाही.”

“चेष्टा नको. सॉफ्टवेअर म्हणतंय, आठवडाभर अर्ध्या दरात दे, मग हळूहळू वर येशील.”

“आठवडाभर वहिनी इतरांकडे दिवस फेडणार. आणि टिलर परत आला की तिच्या जावेचं खाचर राहिलंय, याच वाटेवर. बंद कर.”

“कधीपर्यंत?”

“जावेची लावणी होईपर्यंत.”

“तारीख, आत्या. त्यात तारीख टाकावी लागते.”

“बेडशाची लावणी कधी उरकेल ते मला ठाऊक नाही.”

“मग मी टाकू काय?”

“आधी ते दर ठरवणारं काढून टाक. मग सगळेच दिवस बंद कर. उघडायचं झालं की मी सांगेन. दरही मीच सांगेन, वर्षाला एकदा.”

तो हळू आवाजात म्हणाला, “नुकसान होईल गं.”

“होऊ दे. माझं आहे, मी करेन.”

खालून वहिनीची हाक आली. “बाई! टिलर निगालाय वर! तुमची ती कुंडी काढा मदनं, न्हाईतर तीबी जाईल फळीवानी!”

भाचा अजून फोनवर होता. मी तशीच अंगणात उतरले आणि कुंडी उचलायला वाकले.