पाठमोरा आगुस्तीन

आगुस्तीन गेल्याचा फोन त्याच्या बायकोनं, मार्थानं, स्वतः केला. मी डोंबिवलीच्या घरी पेपर उघडून बसलो होतो. "भाऊ, आगुस्तीन नाही राहिला," एवढंच ती म्हणाली. याला आता महिना होऊन गेला. त्याच्याबद्दल लिहावं असं तेव्हापासून मनात आहे, पण सुरुवात सापडत नव्हती. ज्या माणसाला आयुष्यभर कुणाच्या नजरेत न येण्याचं शिक्षण मिळालं, त्याला वाचकांसमोर उभं कसं करायचं?

ठाण्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तो माजिवड्याच्या गावठाणातला, शेती करणाऱ्या ख्रिस्ती घरातला. मी सदा पुस्तकात डोकं घालून असायचो म्हणून मला 'मास्तर' म्हणायचा. मॅट्रिक झाल्यावर तो मुंबईच्या एका जुन्या, नामांकित हॉटेलात वेटर म्हणून लागला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली ती इमारत. तिचा लाकडी जिना आणि झुंबरांचं जेवणाचं दालन त्या काळच्या कितीतरी हिंदी सिनेमांत दिसतं. शूटिंगवाले वेटरच्या कामासाठी आपली माणसं घेऊन येत, पण त्यांच्या हातातले ट्रे डुगडुगत. मग हॉटेलचा मॅनेजर आगुस्तीनला पुढे करी. असा तो पुष्कळ सिनेमांत आला... पण कधी नुसती पाठ, कधी कोपर, कधी पांढरा हातमोजा.

त्याची आई, रेजिनामावशी, प्रत्येक सिनेमाला शेजारणींना घेऊन ठाण्याच्या थेटरात जायची. बाहेर पडताना शेजारणी तिला चिडवायच्या, "रेजिना, तुजा पोर पाठीवरशी वलखाचा का गो?" मावशी हसायची, आणि घरी येऊन त्याच्यावर डाफरायची, "तुजा तोंड कुठं हाय रे? सगल्यांची तोंडा दिसतान, तुजाच नाय!" तोवर तिला काचबिंदू झाला होता. उरलेली नजरही जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "डोले हायेत तवर दाव मना," ती म्हणायची. हसत म्हणायची, पण आगुस्तीनला ते हसण्यावारी नेता येत नसे.

आणि एकदा तशी संधी आली. सिनेमाची गोष्ट गोऱ्या साहेबाच्या अमदानीतली होती, आणि त्या हॉटेलात तिच्यासाठी वेगळं काही उभारायची गरजच नव्हती. दिग्दर्शकानं आगुस्तीनला चक्क एक वाक्य दिलं. हिरॉइनपुढे कप ठेवायचा, मान वर करायची आणि म्हणायचं, "मेमसाहब, बग्घी आ गई है." हे वाक्य त्यानं घरात इतकं घोकलं की मावशीलाही पाठ झालं. माझ्याकडे आला तेव्हा माझ्या पत्नीच्या हातात चहा देतानाही तेच. "अहो आगुस्तीन, बग्घी राहू दे, साखर आणा," ती म्हणाली.

शूटिंगच्या दिवशी त्यानं मला पँट्रीच्या दाराशी उभं केलं होतं. हिरॉइन खुर्चीत बसली. आगुस्तीननं तिच्या डाव्या बाजूनं कप ठेवला, कपाचा कान तिच्या उजव्या हाताला येईल असा फिरवला... आणि त्याची मान खाली गेली. वाक्य तो टेबलाच्या कडेशी बोलला. बसलेल्या बाईच्या तोंडाकडे पाहायचं नाही, हे हॉटेलातल्या जुन्या हेडवेटरनं कोवळ्या वयात त्याच्या अंगात मुरवलं होतं. "अरे भाई, ऊपर देखो, ऊपर!" दिग्दर्शक ओरडत होता. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. तो वर बघायला जायचा, हिरॉइन त्याच्याकडे बघायची, की मान आपोआप खाली. शेवटी दिग्दर्शक वैतागून हसला. "ये तो सचमुच का वेटर है, यही तो मुसीबत है!" वाक्य दुसऱ्या एका नटाला गेलं. कप ठेवणारा हात मात्र आगुस्तीनचाच घेतला. गणवेश उतरवताना तो मला म्हणाला, "मास्तर, सीन कापून टाकला असं सांगेन आईला."

पण ते सांगायचं राहून गेलं. आज सांगतो, उद्या सांगतो करता करता सिनेमा लागला. मावशीला तेव्हा नुसत्या आकृत्या दिसत होत्या. मी आणि आगुस्तीन तिच्या दोन बाजूंना बसलो. पडद्यावरून "मेमसाहब, बग्घी आ गई है" ऐकू आलं आणि तिनं आम्हा दोघांचे हात गच्च धरले. "आयला! माझा आगुस्तीन! आवाज जाडा केलाय मेल्यांनी, पण तोंड कसा गोरा दिसतं!" मागच्या रांगेतल्या शेजारणींना खरं काय ते दिसत होतं. त्यांच्यातली एकही बोलली नाही. मी अंधारात त्याच्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून आपल्या गुडघ्यांकडे बघत होता.

मावशी त्या आनंदातच गेली. पुढे आगुस्तीननं शूटिंगचं काम कधी घेतलं नाही.

परवा चर्चमध्ये त्याच्या महिन्याची मिस्सा झाली. नंतर आम्ही त्याच्या घरी बसलो होतो. त्याच्या नातीनं टीव्हीवर तो सिनेमा लावला. पणजीनं सांगितलेली गोष्ट घरात तशीच चालत आलेली. वाक्य आलं तशी ती मला म्हणाली, "हे बघा, आजोबा!" पडद्यावर तो नट रुबाबात हसत होता. मी मार्थाकडे पाहिलं. ती उठली, नातीजवळ जाऊन बसली.

"तो नाही गं. थोडं मागं घे... अजून... हां, थांबव."

पांढऱ्या मोज्यातला एक हात, कपाचा कान हलकेच फिरवणारा.

"हा तुझा आजोबा," मार्था म्हणाली.

नात पुढे सरकून टीव्हीच्या अगदी जवळ गेली. बराच वेळ बघत राहिली.

"आणि चेहरा?" तिनं विचारलं.

मार्थानं माझ्याकडे पाहिलं. चित्र तसंच थांबलेलं राहिलं.