परसोंची प्लेट

हैदराबादेत बरकतपुऱ्याच्या लक्ष्मणरावांना साधा प्रश्न विचारायचीही सोय नव्हती. वेधशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काचेच्या फोटो-प्लेटांवरच्या ताऱ्यांच्या जागा मोजता मोजता माणूस पार कामातून गेला होता. घरी कधी येणार, असं भामाबाईंनी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "साडेसहा, चार मिनिटं इकडे-तिकडे." आणि खरोखर तेवढ्यात हजर. हा छळ भामाबाईंनी कसा सोसला ते त्यांचं त्यांना ठाऊक.

चौऱ्याण्णव साली दिलसुखनगरात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले, तसा वेधशाळेतही एक कॉम्प्युटर आला आणि त्याच्यामागोमाग पुण्याची अपर्णा. तिला कॉम्प्युटर पाठ होता, तारे नवे होते. लक्ष्मणरावांच्या निवृत्तीला महिना उरला होता. शेवटचं काम एका तारकागुच्छाचं अंतर काढण्याचं. त्याच ताऱ्यांच्या दोन प्लेटा घ्यायच्या. मधल्या काळात तारे केसभर सरकतात, किती काळात किती सरकले त्यावरून अंतर निघतं. दुसरी प्लेट आदल्याच रात्रीची होती. पहिलीच्या पाकिटावरची तारीख ओल लागून गेली होती.

"काका, ही कधीची?" अपर्णाने विचारलं.

"ती? परसोंची," लक्ष्मणराव भिंगावरून डोळा न काढता म्हणाले.

पाकीट पिवळं पडलेलं होतं, पण सरकारी पाकिटं पिवळीच असतात असं तिला वाटलं. तिने परवाची तारीख घातली. कॉम्प्युटरने तारकागुच्छ आणून थेट सूर्याच्या अंगणात बसवला.

साहेबांनी कागद बघितला. "लक्ष्मणरावांची नजर गेली. यांची आजवरची सगळीच मोजणी बाद करावी लागेल."

लक्ष्मणरावांनी भिंग पुसून घेतलं. ते पुन्हा खुर्चीत बसले आणि दोनशे बाराच्या दोनशे बारा तारे नव्याने मोजले. त्या दिवशी ते घरी आठला पोचले. भामाबाई घाबरून दारातच उभ्या होत्या.

"काका, आकडे तर तेच येतायत," दुसऱ्या दिवशी अपर्णा म्हणाली. "पण एका दिवसात तारे इतके सरकतील कसे?"

"कोणता एक दिवस?"

"तुम्हीच म्हणालात ना, परवाची प्लेट."

"परवाची कोण बोललं? परसोंची म्हटलं मी."

"तेच ना."

"तेच कसं, बाई? परसों म्हणजे परसों. मी नोकरीला लागलो त्या हफ्त्यातली. त्रेसष्टची."

हैदराबादेत कालच्या मागचं सगळंच परसों. निजामाचं राज्यसुद्धा परसोंच गेलं. केसाचा शंभरावा भाग मोजणाऱ्या माणसाने हा एक शब्द तेवढा कधी मोजला नव्हता.

अपर्णाने तारीख बदलली. तारकागुच्छ मुकाट्याने साडेपाचशे प्रकाशवर्षं मागे गेला, वीस इकडे-तिकडे. साहेब स्वतः जिना उतरून खाली आले आणि आजवरची मोजणी तशीच राहू द्या म्हणाले.

निरोपाच्या दिवशी हार झाला, चहा आणि उस्मानिया बिस्किटं झाली. "लक्ष्मणराव, किती वर्षं झाली नोकरीला?" साहेबांनी विचारलं. आता ‘इकडे-तिकडे’ येणार म्हणून सगळे हसू दाबून बसले.

लक्ष्मणरावांनी आपल्या रिकाम्या टेबलाकडे पाहिलं.

"कुठली वर्षं, साहेब? परसोंच तर लागलो होतो."

सगळे हसले. अपर्णा मात्र हसली नाही. आता तिला परसों मोजता येत होतं.